विषय क्रमांक सात

सहाव्या विषयापर्यंत सगळं सुरळीत होतं.
मुतारीचं छप्पर मंजूर. वानरांसाठी फटाके मंजूर.
मग प्राचार्या आरोलकरांनी चष्मा पुसला
आणि विचारलं,
आपल्या कॉलेजात फुटबॉल सुरू करावा का?

इतिवृत्त मी लिहितो. बावीस वर्षं.
माझ्या वहीत कुणी ओरडत नाही,
नुसती साधकबाधक चर्चा होते.

तर, बाधक.
खजिनदार मोचेमाडकर म्हणाले, मैदान कुठाय?
आहे तो सडा, सगळा जांभा.
पोर पडलं की गुडघा खोबऱ्यासारखा किसून निघणार.
मातीचे चाळीस डंपर टाका,
एका आषाढात ती खाली कुबलांच्या कलमांना पोचेल,
तीही फुकट.
आणि पश्चिमेला बॉल गेला की कडा,
कड्याखाली काजू, काजूखाली खाडी.
एका मॅचला किती बॉल धरायचे?
त्यांनी खरंच विचारलं. मी लिहून घेतलं.

आरोलकर बाई म्हणाल्या, एकशे ब्याण्णव मुलं उरलीत.
बारावी झाली की पत्रादेवीचा नाका ओलांडतात.
पलीकडे हिरवळ आहे, जर्सी आहे,
पाठीवर नाव छापून मिळतं.
पाठीवरच्या नावासाठी कुणी राज्य सोडतं काय?
चेअरमन हसले.
बाकी कुणी हसलं नाही.
त्यांचा नातू तिकडेच आहे.

तांडेल वकील हळू बोलतात, म्हणून सगळे ऐकतात.
नारळी पुनव झाली की तुमचा गोलकीपर समुद्रात.
सामने ऑक्टोबरात, बांगडाही ऑक्टोबरात.
बांगडा काही वेळापत्रक बघून येत नाही.

मग मिसबाह होडेकरला आत बोलावलं,
एस. वाय., विद्यार्थी प्रतिनिधी.
दारात चप्पल काढून आली, पायांना वाळू.
म्हणाली,
सर, सुरू करा असं नाही म्हणत आम्ही.
सुरू आहेच.
सुकतीला वाळू घट्ट होते,
रापणीचे चार बांबू रोवतो,
भरती येईस्तोवर खेळतो.
सोळा जण आहोत, त्यात चार मुली.
कॉलेजचं नाव लावू का, एवढंच विचारायचंय.

पंखा फिरत राहिला.
चेअरमन म्हणाले, नाव लावलं की विमा आला,
विद्यापीठ आलं, फॉर्म आले.
आज गुडघा तुझा आहे, पोरी.
उद्या तो कॉलेजचा होईल.

हे वाक्य मला आवडलं.
इतिवृत्तात बसत नाही, म्हणून इथे ठेवतोय.

कुणीतरी म्हणालं, डेडस्टॉकची वही काढा,
पूर्वी होतं का काही बघू.
निघालं.
सन एकोणीसशे एकोणनव्वद. फुटबॉल, नग दोन.
पहिल्यापुढे शेरा: खाडीत.
दुसऱ्यापुढे माझ्या आधीच्या कारकुनाचं मुंगीएवढं अक्षर:
वापरात आहे.
सगळ्यांनी शिपाई लाडू परबाकडे पाहिलं.
तो म्हणाला, तो काय, घंटेर आसा.
अर्धा कापून, पालथा घातलेला,
खाऱ्या वाऱ्यानं घंटा गंजू नये म्हणून.
रोज ऐकतो मी ती घंटा.
आवाज जरा बसका येतो,
मला वाटायचं, पितळच हलकं असेल.

समितीत आम्ही अकरा.
बावीस वर्षांत अकराही एकदम आलेले
मी पाहिले नाहीत.
त्या दिवशी सहा.
विषय पुढील सभेत ठेवावा असं ठरलं.
'सर्वानुमते' मी आधीच लिहून ठेवलेलं असतं.
या वेळी ते खोडलं,
आणि खाडाखोडीवर सही केली, नियमाप्रमाणे.

मिसबाह भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.
चार वाजून दहा.
जाऊ का सर, पाणी उतरलं असेल.

चहा-भजीच्या खर्चाखाली
मी एक ओळ वाढवली:
शिट्टी, नग एक, रुपये पस्तीस.
ऑडिटर मार्चमध्ये येतो.
मार्चपर्यंत सुकत्या पुष्कळ आहेत.