पान एकशे बारा

गुरुवारी रात्री साडेदहाला
पाच चौकटी उजळतात फोनवर.
कन्नमवारनगर, दीड खोली.
मी मोरीत, उपड्या बादलीवर;
बाहेर सासरे बातम्या बघतायत.

या वेळच्या बाईनं पान एकशे बारावर
भरलं ताट भिरकावलंय दिराच्या अंगावर
आणि पुढं अख्ख्या कादंबरीत
एकदाही माफी मागितलेली नाही.

हेमांगी म्हणते, अतीच करते ही.
भांडुपच्या कोपरकर बाई, विम्यातून निवृत्त,
चष्मा पुसत विचारतात, ताट स्टीलचं होतं ना?
मग फुटलं असं का लिहिलंय?
स्टील फुटत नाही. घरंगळतं.
खालच्या मजल्यापर्यंत जातो आवाज.
मला माहितेय.

झुलेखाच्या चौकटीत पंखा फिरतोय नुसता.

मग मी म्हणते
(माझा आवाज बंदच होता, कुणाला ऐकू गेलं नाही)
की मला ती आवडली नाही.
पोराला मारते. बहिणीचे पैसे ढापते.
नाहीच आवडली,
आणि तरी परवापासून
डाळीला फोडणी देताना
तिच्याशीच भांडतेय मी.

बाहेरून हाक : पाणी आण गं.

मी बसल्या बसल्या
मोरीचा नळ सोडते,
पूर्ण.