पाठ

थर्माकोलवर बंदी आली त्या वर्षी
माळ्यावर सत्तावीस शीट उरल्या होत्या.
अर्धवट कापलेली कमळं, दोन मोर,
एका महिरपीचा डावा हात.
विकता येईनात, जाळता येईनात.
रविवार पेठेतल्या गाळ्याचं भाडं मात्र
एक तारखेला न चुकता उगवायचं.

मग फरांदेबाई आल्या. बिबवेवाडीत दातांचा दवाखाना.
म्हणाल्या, काचेच्या पेटीत जंगल लावायचंय,
तीन फूट लांब, दोन फूट उंच.
झाडं मी आणते. तुम्ही फक्त मागचा डोंगर द्या.
मखराच्या मागच्या फळीला आमच्यात पाठ म्हणतात.
म्हटलं, म्हणजे पाठ करायची. करतो.

एकवीस वर्षं कैलास केले होते मी,
आधी पेन्सिल, मग तापलेली तार,
शिखरावर शिखर, वर चमकी.
तसाच केला.
केतकी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला.
बघून म्हणाली, बाबा, छान झालाय.
आपल्याकडचा नाहीये पण.

रविवारी तिनं मला सिंहगडाच्या रस्त्यावर
एका कापलेल्या दरडीसमोर उभं केलं.
बघा, आपला डोंगर थरांनी बसलाय,
लाव्ह्यावर लाव्हा, मध्ये लाल मातीची रेघ.
आता पाणी कुठून येतंय बघा.
सांध्यातून येत होतं. फक्त सांध्यातून.
नेचेही तिथेच, एका ओळीत,
रेशनच्या रांगेत धरून ठेवल्यासारखे.
या रस्त्यानं हजारदा गेलो असेन,
पिठलं-भाकरी खाऊन परत.

घरी येऊन कैलास मोडला.
आडवे थर रचले, सांध्यांत फोम सोडला.
तो रात्रभर आपल्या मनानं फुगत राहिला.
सकाळी सुरीनं वरची साल काढली तर
आत अनारशासारखी जाळी.
त्यावर काळं सिलिकॉन, बोटांनी.
गाळाभर आंबूस वास;
शेजारचे हकीमभाई नाक धरून विचारत,
लोणचं घातलंत का दादा?
मग नारळाचा भुसा, ओंजळ-ओंजळ,
लहान मुलाच्या कपाळाला अंगारा लावावा
इतक्या हलक्या हातानं.

मखराला दहा दिवस मिळायचे, पण लोक बघायचे.
हे काम उलटं निघालं.
जितकं नीट जमेल तितकं लवकर झाकलं जाणार.
शेवाळाला धरायला खरखर हवी, मुळाला शिरायला फट.
गुळगुळीत म्हणून एक इंच ठेवायचा नाही.
पॉलिशपेपर फिरवत आलेल्या हातांना
हे पटवायला आठवडा गेला.
दोनदा चुकून घासून टाकलं. पुन्हा ओरखडे काढले.

आठ महिन्यांनी फोन, पंप अडकलाय.
गेलो. बाकावर एक मुलगा, गाल धरून,
पेटीतल्या गोगलगाईकडे बघत बसलेला.
ती कुणी आणली नव्हती,
शेवाळाबरोबर आली असणार.
काका, या झाडांच्या मागे काय आहे?
मी म्हटलं, भिंत.
बाई आतून म्हणाल्या, अरे, डोंगर आहे. त्यांनीच केलाय.
त्यानं नाक काचेला लावून शोधला.
नाही दिसला.
पुढचा नंबर त्याचाच होता, तो आत गेला.

पंपासाठी पेटी पुढे ओढली.
मागच्या काचेला मी काहीच लावलं नव्हतं,
कोण बघणार म्हणून.
तिथे पांढरंफेक थर्माकोल, आणि त्यावर
अर्धं कमळ. पाच पाकळ्या कापलेल्या,
सहावीची नुसती पेन्सिल.
त्या रेघेला
आतून एक मूळ येऊन टेकलं होतं,
दोऱ्याएवढं.

पंपात काथ्या अडकला होता.
काढला. पाणी सुरू झालं.
पेटी पुन्हा भिंतीला लावली.