कोबीवरचा दगड

माझं काम मोजायचं.
लांबी, रुंदी, कुठे सापडला, शेरा.
वर टेकाडावर रोमनांचा किल्ला होता,
सरहद्दीवरचा शेवटचा; पलीकडे नुसतं रान.
आता एक कमान, तीही परवा-परवा पुन्हा रचलेली,
आणि गुडघाभर भिंती.
दुपारी मेंढपाळ त्यांवर बसून कांदा सोलतो.

बाकीचा किल्ला खाली गावात उतरला,
बैलगाडीतून, सावकाश, सतराशे वर्षं.
चर्चच्या पायात बुरुजाचा कोपरा.
विहिरीच्या काठाला वेशीचा उंबरठा:
गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खाचेत
आता पोहऱ्याचा दोर घासतो.
चोरी म्हणवत नाही.
पहारा उठला की दगडही
घर शोधत निघत असतील.

राफिलाबाईच्या तळघरात
कोबीच्या पिंपावर एक आहे.
मीठपाणी, शेपू, मुठीएवढं एक क्विन्स,
अख्खे गड्डे, आणि त्यांना दाबून बसलेला तो.
दोघींनी मिळून उलटा केला.
खालच्या अंगाला अक्षरं.
वरच्या गड्ड्यावर त्यांचीच पुसट, उलटी खूण.

पहिल्या दोन ओळी मिठाने नेल्या.
नाव त्यांतच असणार.
म्हणजे त्याचं नाव या घराने
हिवाळ्यागणिक थोडं थोडं खाल्लं,
डुकराच्या मांसाबरोबर, मक्याच्या घाट्याबरोबर.
उरलेलं मी बोटाने वाचलं:
पालमिराचा तिरंदाज.
नवस बोलला होता. फेडला. राजीखुशीने.

"फेडला ना?" राफिलाबाई म्हणाली,
"मग दगडावर कर्ज नाही."
तिचा गाव्रिल तोरिनोत गवंडी आहे,
सहावं वर्ष.
"तेव्हा ते आले इकडे भिंती घालायला,
आता आमचे जातात तिकडे. फिट्टंफाट."
मी म्हटलं, हा रोमचा नव्हता, बाई.
वाळवंटातला. खजुरांच्या गावचा.
बर्फ त्याने इथेच पहिल्यांदा पाहिलं असेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
पिंपाच्या कडेवरचा फेस बोटाने काढत राहिली.
मग विचारलं, "घरी गेला का?"
तेवढं लिहिलेलं नाही, मी म्हटलं.
"नवस कसला होता?"
तेही नाही.

म्युझियमची गाडी गुरुवारी येणार होती.
"कोबी आंबू दे," ती म्हणाली.
"नाताळला पोरगा येतोय. तो उचलेल.
तुमच्या माणसांना दगड धरायची रीत नसते."
आणि मला हाताशी घेऊन
तो जसा होता तसा, पालथा,
परत ठेवला.

सापडल्याची जागा: तळघर.
शेरा: वापरात.

बसमध्ये बोटांना शेपूचा वास येत राहिला.
डोंगरावर पहिलं बर्फ पडलेलं होतं, विरळ,
कुणीतरी मीठ भुरभुरावं तसं.
गाव्रिल येतो असं गेल्या नाताळलाही म्हणाला होता,
हे मला नंतर विहिरीवरच्या बाईने सांगितलं.