पंचनाम्यात न बसलेलं

गट नंबर लिहिला. वेळ पहाटे पाच चाळीस.
जप्त मुद्देमाल : मोटारसायकलच्या क्लचची तार, नग सात.
आठवी सुरमल डाबेराव यांच्या हातात होती
आणि ते ती देत नव्हते.
फासात बोट घालून ओढत होते,
सैल करून पुन्हा ओढत होते.
'इले गाठच नाही, मॅडम.
थांबन कुठं हे?'

धुऱ्यावर ससा पडला होता.
त्याच्याकडे आम्ही दोघांनीही
अजून नीट पाहिलं नव्हतं.

'बापाचा फासा घोड्याच्या शेपटीचा.
काळाच केस. पांढरा चांदन्यात चमकते.
तितरासाठी तीन केस, मांडीवर वळाचे.
चौथा नाही घ्याचा, मोर गुततो.
तिनात मोर आला तं तोडून जाते,
त्याचं त्याले, आपलं आपल्याले.
मानेवर नाही मांडाचा, पायावर मांडाचा.
आन् गाठ अशी
का पायाच्या जाडीवर येऊन बसली पायजे.
मंग हिवराच्या आड बसाचं. बिडी नाही, खोकला नाही.
तिसऱ्या फडफडीच्या आत
हात पोचला पायजे.

हाती आली का पोटावर फुंकर मारून पाहाची.
पिसं फाकली आन् खाली उघडी कातडी दिसली,
तं ते अंड्यावरची हाय.
सोडून द्याची.
घरी लेकरं उपाशी असन तरी.
नाही, तवा बी.'

मी भराभर लिहीत होते.
मग पाहिलं, कुठल्या रकान्यात लिहिते आहे :
गुन्ह्याची पद्धत.

खोडलं.

याच खात्यानं यांच्या बापाला
तीन तितरं आणि फाशांची एक झोळी धरून
अकोल्याला नेलं होतं.
झोळी परत आली नाही. हे ते सांगत नाहीत,
जुन्या रजिस्टरात मीच वाचलं.
आता माघात दहा दिवस
त्यांच्या खिशात पन्नीत गुंडाळलेला परवाना असतो.
पक्षी मोजणाऱ्या पोरांसाठी फासे मांडतात.
तितराच्या पायात कडं, वजन, नोंद,
आणि ओंजळ उघडायची.
मजुरी थेट खात्यात. गेल्या वर्षीची यायची आहे.

शेतमालक आला, वासुदेव गोतमारे, कानाला मफलर.
'मॅडम, डुकरासाठी लावली होती.
दोन एकर हरभरा लोळवला त्यानं.
ससा आपल्या मनानं आला.'
त्याचा हरभरा मी पाहिलेला आहे.
खोटं बोलत नव्हता.
तरीही नाव लिहिलं, वडिलांचं नाव, वय.

सुरमल उकिडवे बसले.
तार कमरेत रुतली होती, ती पक्कडीनं कापली.
बारा तास तरी कोणी फिरकलं नसेल इकडे,
मातीवरच्या ओरखड्यांवरून मला तेवढं कळतं.
त्यांनी सशाला उताणं केलं
आणि सवयीनं, पोटावर फुंकर मारली.

केस फाकले.
आचळं ओली होती.

गोतमारे मफलर सोडू लागला, पुन्हा बांधू लागला.
सुरमलनी चपला काढल्या, धुऱ्यावर ठेवल्या,
शेजारच्या तुरीत शिरले,
पाऊल टेकवायच्या आधी
बोटांनी जमीन चाचपत.

मृत ससा, मादी, नग एक, असं लिहिलं.
खाली पंचाच्या अंगठ्याची जागा रिकामी,
पंच तुरीत आहे.
सात वाजले, सव्वासात.
शेंगा वाजतात तेवढ्यावरून कळतं
तो कोणत्या तासात आहे.
मायमोडीच्या पानावर दव सुकत आलंय.
पंचनामा संपल्याची वेळ
मी अजून भरलेली नाही.