प्रॉम्प्टरचा कान

माघात सावईवेऱ्यात आंबा मोहरतो,
काजूही त्याच सुमारास फुलतो.
लोक म्हणतात, वास काय सुटलाय!
मला वास येत नाही.
मला शिंका येतात, ओळीने अकरा,
आणि मग नाकाच्या मागच्या दाराने
कोणीतरी कानाकडे जिना चढू लागतं.

जत्रेच्या नाटकाला अठरा दिवस.
मी विंगेत, स्टुलावर,
मांडीवर वही, वहीवर बॅटरी,
खांद्याला टेकलेला जंगलाचा पडदा,
घडीघडीत सात जत्रांची धूळ.

डावा कान आधी भरला,
बुडबुडत घागर भरते तसा.
मग दुखू लागला. ठणका नव्हे,
आतून अंगठ्याने कोणी दाबून धरावं तसं.
माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमायचा,
म्हणून मी हळू बोलायची,
म्हणून सगुण गावड्याला काहीच ऐकू जायचं नाही.

दुसऱ्या अंकात, भर दरबारात, तो थांबला.
थांबणं दोन तऱ्हांचं असतं:
एक नटाचं, एक विसरलेल्या माणसाचं.
फरक श्वासात असतो,
आणि श्वास माझ्यापर्यंत पोचेना.
मी वाट पाहिली. त्यानेही.
तबलजी उगाच खोकला.

शेवंतामावशीने लसूण घालून तेल कढवलं,
बाटलीत भरून आणून दिलं.
मी ती फडताळात ठेवली आणि कदंब धरून
फोंड्याला गेले, खिडकी बंद करून.

डॉक्टर इर्मा कुतिन्होने कानात दिवा धरला,
मग नाकात, मग पुन्हा कानात.
"कान बरो आसा गो. चोर नाकांत आसा."
औषधाच्या कागदामागे तिने एक नळी काढली,
नाकाच्या पाठून कानाच्या पडद्यामागे जाणारी,
भाताच्या काडीएवढी.
मोहर सोसत नाही, नाक सुजतं,
नळीचं तोंड मिटतं,
कोंडलेली हवा विरत जाते
आणि पडदा आत ओढला जातो.
पडदा म्हटल्यावर मला हसू आलं.
ती हसली नाही. बाहेर चौदा पेशंट होते.

मिठाचं पाणी, उकळून निववलेलं,
न्हाणीत ओणवी होऊन नाकातून सोडलं;
पहिल्या दिवशी निम्मं घशात,
कोळव्याला लाटेखाली सापडल्यासारखं.
फवारा मारताना मान किंचित खाली,
टोक बाहेरच्या अंगाला, मधल्या भिंतीकडे नाही.
तो आळशी आहे, ती म्हणाली होती, आठवडा घेईल,
तू सोडू नकोस.
रात्री एक गोळी, झोप न आणणारी,
मी मुद्दाम मागून घेतलेली.
कानाशी गरम फडका, डोक्याखाली दोन उशा.
नाक जोरात शिंकरायचं नाही.
काडी नाही, तेल नाही
(मावशीचं तेल तांबड्या भाजीला फार छान लागलं,
तिला अजून सांगितलेलं नाही).
ताप आला, कान वाहिला, तर त्याच दिवशी ये.
एरवी चघळ, गिळ, जांभया दे.

जांभया!
तालमीत, दिग्दर्शकासमोर!
रोहिदासबाब म्हणाले, कंटाळा आला असेल
तर वही दुसऱ्या कोणाला देतो.
मी म्हटलं, औषध आहे.
पोरांनी जंगल उन्हात नेऊन बडवलं,
मी लांब, देवळाच्या तळीपाशी,
तोंडाला ओढणी बांधून बसले.
हिरव्यातून पिवळा धूर निघत होता.

चौदाव्या रात्री तिसऱ्या अंकात
एक जांभई आपणहून आली,
आणि टक्.
कुळागरात सुपारी पडते, तेवढंच.
मग सगळं एकदम:
ट्यूबलाइटची गुणगुण, तबलजीचं चोंदलेलं नाक,
पान उलटताना बोटाखालची कड,
आणि सगुणचा श्वास.
आत गेला. अडला.
बाहेर येईना.

विसरला होता.
मी शब्द दिला.

उजवा कान अजून संध्याकाळी थोडा भरतो.
काजू फुलायचा थांबायला
महिना तरी आहे.