खाज्याच्या तागडीमागून

हेर्कुलान सर खिडकीकडे तोंड करून शिकवायचे.
पाठीवर खडूची बोटं,
आवाज उथळ पाण्यात होडीचा तळ घासावा तसा.
राशोलच्या सेमिनरीत ग्रीक घोकलं होतं त्यांनी,
पुढं झगा उतरवला,
ग्रीक तेवढं अंगावर राहिलं.

फोंड्याच्या कॉलेजात, एका दुपारी,
वर्गात आम्ही सात जण, त्यातले चार झोपेत,
सर म्हणाले, 'थिओरिया.
हिचा अर्थ विचार नव्हे. आधी तरी नव्हे.
आधी ती जत्रेला जाणं.
गाव एक माणूस निवडायचं,
त्याला बरे कपडे द्यायचं, वाटखर्ची द्यायचं, आणि सांगायचं :
समुद्र ओलांड, दुसऱ्यांच्या देवाचा उत्सव बघ,
परत ये.
आणू नकोस काही.
बघितलंस ते सांग.'

खिडकीबाहेर कुणी नारळ पाडत होतं.
सर थांबले, तो पडेपर्यंत.

'मग कुणीतरी म्हणालं, उत्सवच कशाला,
आभाळ आहे की, रोजचं.
आणि तो माणूस परत आलाच नाही.
म्हणजे गावातच होता, जेवतखात होता,
भाव विचारला तर सांगत होता तेलाचा;
पण बघायला गेलेला
तो गेलेलाच राहिला.'

आमच्याकडेही शास्त्राला दर्शन म्हणतात, मी म्हणाले.
'म्हणतात,' सर म्हणाले, 'आणि रांगेत उभं राहतात.'

शेवटच्या दहा मिनिटांत जुनं एक वचन आलं :
जत्रेत तीन तऱ्हेची माणसं येतात,
जिंकायला, विकायला, नुसती बघायला.
तिसरी सर्वांत वरची.

माझी फी खाज्यातून भरलेली होती,
आल्याच्या वासाच्या नोटांनी.
मी हात वर केला : 'सर, मी दुसऱ्यांतली.'
झोपलेले उठले.
सर पहिल्यांदाच खिडकीकडून वळले
आणि विचारलं, 'मग तागडीमागून काय दिसतं?'
मला काही सुचलं नाही.
बेल झाली.

त्याला बावीस वर्षं.

बोरीच्या जत्रेत बाबांच्या जागेवर आता मी बसते.
पेट्रोमॅक्स जाऊन ट्यूब आली, गूळ तोच.
दिसतं पुष्कळ.
कोर्टात भांडणारे दोघे भाऊ
एकामागून एक येऊन अर्धा अर्धा किलो नेतात.
काल्यातला संकासूर लाल जीभ मांडीवर काढून ठेवून
स्टुलावर चहा फुंकतो.
एक बाई सुटे पैसे मोजते तेव्हा
तिचे ओठ कुठल्याशा स्तोत्राच्या चालीत हलतात.
एवढं सगळं, पण उत्तर नव्हे.

सर पूल ओलांडून येतात, दर वर्षी,
पांढरा इस्त्रीचा शर्ट, कुणीतरी वाटखर्ची देऊन पाठवल्यासारखे.
आत जात नाहीत. दीपमाळेपाशी उभे.
पालखी जाते, सगळ्यांचे हात जुळतात,
त्यांचे खिशात असतात
आणि मान मात्र पालखीबरोबर वळत जाते
अगदी कोपऱ्यापर्यंत.

यंदा ते फार हळू चालत आले.
'पाव किलो,' म्हणाले.
मी खाजं घातलं, एक कांडी काढली, परत घातली,
काटा थरथरायला लागला.

'सर,' मी म्हणाले, 'हे.
काटा थांबेपर्यंतचा हा वेळ.
घेणारा घेत नसतो तेव्हा, मी विकत नसते.
दोघंही बघत असतो नुसते.'

'एवढंच?'

'एवढंच. दिवसाला तीनशे वेळा.'

ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला.
मागं कुणीतरी ओरडलं, पळय गे, रांग केदी वाडली ती!
सरांनी ऐकलं नाही.
मग पुडी न घेताच पुलाच्या दिशेनं निघाले,
पैसे द्यायचे राहिले, खाजं न्यायचं राहिलं.

हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं.
काटा अजून हलत होता.