डिझेल, हिरवी, एक मालक

जाहिरातीत मी एवढंच लिहिलं :
जपानी बनावट, चारही चाकांना ओढ,
कस्टमच्या लिलावातली, कागद स्वच्छ,
करावे गाव, तलावाजवळ.

लिहिलं नाही
की मागचं दार गुडघा लावल्याशिवाय बसत नाही,
थंडीत पहिला धूर समोरच्या टॉवरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो
(तिथून तक्रारी येतात, इंग्रजीत),
आणि चावी फिरवली की एक बाई बोलते.

एकच वाक्य. जपानीत.
शेवटाला जराशी वाकून, नमस्कार केल्यासारखी.
बाबा म्हणायचे, रस्ता सोडा म्हणते.
आई म्हणायची, जपून जा म्हणते,
आणि मागच्या सीटवरून उत्तर द्यायची : हो गो बाय.
हळदीला निघताना, डायलिसिसला निघताना,
हो गो बाय.

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट गेला हिच्यात.
बाबा न्हावा-शेव्याला गेले होते
कंटेनरच्या लाकडांवर बोली लावायला.
यार्डात ही उभी होती, कुणी न सोडवलेली,
छतावर कावळ्याचं घरटं.
काका ओट्यावरूनच ओरडला :
शेत गेला, न आता नांगर आनलास?

छोटा दांडा, लो रेंजचा, तीनदाच पडला.
मढवींची होडी खाडीच्या चिखलातून ओढली तेव्हा.
पालिकेची कचऱ्याची गाडी गटारात गेली तेव्हा.
आणि एकदा कशासाठीच नाही,
रिकाम्या मिठागरात, आईला दाखवायला.

फोन येत राहिले.
कल्याणचा एक, फोटो न बघताच : लास्ट किती?
खारघरचं जोडपं आलं, बॉनेटवर बसून फोटो काढले,
चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले, गेले.
कुर्ल्याचा भंगारवाला किलोवर बोलला
तेव्हा बाबा प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले
आणि एकटेच, भिंतीला हात लावत,
तलावाला फेरी मारून आले.
काचबिंदूने त्यांचं लायसन कधीच घेतलंय.
फेरनोंदणी पुन्हा आली, हरित कर पुन्हा,
ब्रेकचा बूस्टर बँकॉकहून मागवायचा.
मी बाजार समितीत कांद्या-बटाट्याच्या पट्ट्या लिहिते,
मला बेरीज येते.

रोह्याचे वाळंज आले रविवारी.
खाली झोपून चासी ठोकली, डिपस्टिक नाकाला लावली,
किमतीबद्दल बराच वेळ काही बोलले नाहीत.
तेव्हाच वाटलं, हा घेणार.
सोबत भाची, शलाका.
केअरगिव्हरच्या व्हिसासाठी ऐरोलीत जपानी शिकते.
तिने सहज चावी फिरवली.
बाई बोलली.
पोरगी हसली.

काय बोलतं गो ती? बाबांनी विचारलं,
वीस वर्षांत पहिल्यांदा
ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला.

कार्ड घातलेलं नाही, म्हणते.
टोलचं कार्ड, आजोबा. त्यांच्याकडचं.

इंजिन चालू होतं. कोणी बंद करेना.
मला हळदी आठवल्या, दवाखान्याचा जिना आठवला,
मिठागरातलं ते मोकळं गरगरणं,
आणि प्रत्येक वेळी कार्ड घातलेलं नाही,
कार्ड घातलेलं नाही.

मंग तुजी आय बराबर बोलाची, बाबा म्हणाले.

वाळंज म्हणाले, ते यंत्र मी काढूनच टाकतो, दोन स्क्रूचं काम.
बाबा म्हणाले, नको.
व्यवहारात तेवढी एकच अट. मग पंधरा हजार कमी झाले,
ते त्या अटीमुळे की दारामुळे, मी विचारलं नाही.
दोन फॉर्म, चार सह्या,
बाबांच्या सहीखाली माझं बोट, रेघ कुठे ते दाखवायला.

गाडी गल्लीच्या टोकाशी बंद पडली.
क्लच नवा होता त्यांना.
पुन्हा चावी.
इथून ऐकू येणं शक्य नव्हतं.
बाबांनी मान हलवली.

रात्री जेवताना, निवट्याचा काटा बाजूला ठेवत :
त्यो कार्ड कवऱ्याचा असल?